स्प्राउल हॉलच्या पायऱ्यांवर एक बाहेरचा माणूस

कॅलिफोर्नियात मुलीकडे काढलेल्या सात आठवड्यांपैकी योसेमिटी, गोल्डन गेटचा पूल आणि फ्रीमॉंटमधल्या मराठी मंडळींकडची आग्रहाची जेवणे यांविषयी माझ्याजवळ सांगण्यासारखे विशेष काही नाही. मला लिहायचे आहे ते एका मंगळवारी दुपारी बर्कलीच्या विद्यापीठात, स्प्राउल हॉल या जुन्या प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांवर बसून घालवलेल्या दीड तासाविषयी. त्या दीड तासात मला कोणीही काहीही विचारले नाही, आणि माझी अस्वस्थता नेमकी तिथूनच सुरू झाली.

फ्रीमॉंटहून नारिंगी मार्गाची बार्ट गाडी मध्ये न बदलता थेट डाउनटाउन बर्कलीला नेते, एवढीच या प्रवासाची सांगण्याजोगी सोय. जावईबापूंनी घड्याळाच्या मनोऱ्यावर जाऊन खाडी पाहण्याची शिफारस केली होती. मला मात्र विद्यापीठात येणाऱ्या बाहेरच्या माणसांविरुद्ध एका आमदाराने केलेल्या कायद्याची जागा पाहायची होती. तेहतीस वर्षे एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काढलेल्या, त्यातली शेवटची अकरा अधीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला परिपत्रके आणि कलमे यांचा नाद लागतो, आणि तो निवृत्तीनंतरही सुटत नाही.

टेलिग्राफ आणि बॅंक्रॉफ्ट हे रस्ते जिथे मिळतात, तिथे विद्यापीठाच्या तोंडाशी विटांचा सव्वीस फूट रुंदीचा पट्टा होता. तो नगरपालिकेचा, अशी सर्वांची समजूत असल्याने विद्यार्थी तिथे टेबले मांडून पत्रके वाटत आणि वर्गणी गोळा करत. १९६४ च्या सप्टेंबरमध्ये विद्यापीठाने ही जागा आपली असल्याचे सांगून टेबलांना मनाई केली. १ ऑक्टोबरला स्प्राउल हॉलसमोर नागरी हक्कांच्या संघटनेचे टेबल सांभाळणाऱ्या जॅक वाइनबर्ग याने पोलिसांना ओळखपत्र दाखवण्यास नकार दिला, तेव्हा त्याला अटक झाली. तो गणिताचा माजी विद्यार्थी होता, त्या दिवशी मात्र पटावर नव्हता. त्याला बसवलेल्या पोलिसांच्या गाडीभोवती मुलांनी ठाण मांडले आणि ती गाडी बत्तीस तास जागची हलली नाही. या आंदोलनाचा विद्यार्थी नेता मारिओ सॅव्हिओ आणि इतर वक्ते गाडीच्या टपावर चढून बोलले, पण टपाला इजा होऊ नये म्हणून आधी बूट काढून. हा तपशील वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. व्यवस्थेशी भांडायला निघालेली मुले तिच्या गाडीवर चपला बाहेर काढून चढतात, आणि तरीही त्यांना दंगेखोर म्हटले जाते.

डिसेंबरमध्ये याच इमारतीत ठिय्या दिलेल्या सुमारे आठशे जणांना अटक झाली. त्यांत बहुतेक विद्यार्थीच होते. तरीही बाहेर पसरलेली समजूत वेगळी होती: आमची मुले गुणी आहेत, त्यांना बाहेरची माणसे येऊन भडकवतात. ओकलंड-पिडमॉंट परिसरातून कॅलिफोर्नियाच्या विधानसभेवर निवडून गेलेले रिपब्लिकन आमदार डॉन मलफोर्ड यांनी १९६५ मध्ये या समजुतीला कायद्याचे रूप दिले. विद्यार्थी, अधिकारी वा कर्मचारी नसलेली व्यक्ती विद्यापीठाच्या शांततापूर्ण कामकाजात अडथळा आणत आहे असे विद्यापीठाच्या प्रमुखाला सयुक्तिकपणे वाटले, तर त्याने तिला आवार सोडण्यास सांगावे, आणि ती न गेल्यास तो किरकोळ फौजदारी गुन्हा मानावा, असा त्याचा आशय होता. गव्हर्नर पॅट ब्राउन हे विरुद्ध पक्षाचे, म्हणजे डेमोक्रॅट; तरीही त्यांनी त्यावर सही केली. आपल्या मुलांचा दोष शेजारच्या मुलांवर ढकलण्याच्या बाबतीत पक्षभेद फारसा आड येत नसावा.

त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या व्हिएतनाममधल्या दा नांगला उतरल्या होत्या. मे महिन्याच्या २१ आणि २२ तारखांना बर्कलीत युद्धाच्या विरोधात व्हिएतनाम दिन झाला, हजारो लोक आले, आणि ऑगस्टमध्ये सैनिकांना घेऊन जाणाऱ्या आगगाड्यांसमोर लोक रुळांवर उभे राहिले. व्हिएतनाम दिनाच्या आयोजकांपैकी जेरी रुबिन याने विद्यापीठातले शिक्षण सोडलेले होते, म्हणजे मलफोर्ड यांच्या कलमात तो अगदी नेमका बसत होता. पण त्याच्या जोडीला असलेले स्टीफन स्मेल हे याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, आणि पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, त्यांना गणितातला सर्वोच्च मान समजले जाणारे फील्ड्स पदक मिळाले. आत कोण आणि बाहेर कोण हे ओळखपत्रावरून ठरवणाऱ्या कलमाला या जोडगोळीचे काय करावे, हे कळणे कठीणच होते.

(मलफोर्ड यांचे नाव आज अमेरिकेत निघते ते बहुधा १९६७ च्या दुसऱ्याच कायद्यामुळे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पॅंथर पक्षाची माणसे भरलेल्या बंदुका उघडपणे बाळगून ओकलंडमध्ये पोलिसांवर नजर ठेवत फिरत. त्यावर बंदी आणणारे विधेयक त्यांनी मांडले, तेव्हा २ मे रोजी ती माणसे बंदुकांसह सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरली. जावईबापूंना हा कायदा ठाऊक होता, विद्यापीठाचा नव्हता.)

हे सगळे डोक्यात घेऊन मी त्या पायऱ्यांवर बसलो होतो. आता त्यांना सॅव्हिओ यांचेच नाव दिलेले आहे. समोरून मुले कानांत यंत्रे घालून जात होती, एक मुलगी रक्तदानाची पत्रके वाटत होती आणि तिने मलाही एक दिले. मी विद्यार्थी नाही, कर्मचारी नाही, या देशाचा नागरिकही नाही. खिशात होते ते मुलीच्या घराचा पत्ता लिहिलेले कागदाचे चिठोरे. मलफोर्ड यांच्या कायद्याचा वारसा राज्याच्या दंडसंहितेत कलम ६२६.६ म्हणून आजही आहे, आणि त्यानुसार आवारातून घालवलेली बाहेरची व्यक्ती सात दिवसांच्या आत परतली तर तो गुन्हा ठरतो. मला कोणी घालवले नाही, कारण मी काही बोलत नव्हतो.

सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात शुल्कवाढीविरुद्ध आंदोलन चालू असताना प्रवेशद्वारावर ओळखपत्रे तपासण्याचा आदेश मीच टंकलिखित करून प्राचार्यांच्या सहीला ठेवला होता. मसुद्यात ‘बाहेरील घटक’ हे शब्द माझेच होते, आणि त्यांच्या नेमकेपणाचा मला तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता. दुसऱ्या दिवशी शिपायाने अडवलेला एक मुलगा माझ्यासमोर आणला गेला. नोंदवही पाहून मी त्याला सांगितले, की तुझे नाव जुलैमध्येच कमी झाले आहे, तू आता इथला विद्यार्थी नाहीस. तो म्हणाला, “साहेब, फी भरता आली नाही म्हणून नाव कमी झालं. त्याच्याचबद्दल बोलायला आलोय.” मी शिपायाला त्याला फाटकापर्यंत सोडून यायला सांगितले. त्यात अरेरावी नव्हती, आवाजही चढला नव्हता, आणि नियमाप्रमाणे मी बरोबरच होतो.

उठून मी १९६४ च्या त्या आंदोलनाचे स्मारक असलेला तिथला मातीचा गोल शोधायला निघालो. सहा इंच व्यासाची माती, तिच्याभोवती ग्रॅनाइटचे कडे, आणि त्यावर कोरलेले, की ही माती आणि तिच्यावरचे आकाश कोणत्याही राष्ट्राच्या प्रदेशाचा भाग नाही व कोणाच्याही अधिकाराखाली नाही. तो सापडायला वीस मिनिटे लागली, कारण लोक खाली न पाहता त्याच्यावरूनच चालत जातात. कोणाला तरी विचारावे असे वाटले, पण इंग्रजीत हा प्रश्न नेमका कसा मांडायचा, या विचारातच वेळ गेला. सापडल्यावर मी वाकून त्या मातीवर बोट ठेवले. ती घट्ट, कोरडी आणि कॉफीचा एक वाळलेला थेंब पडलेली होती.

परतताना टेलिग्राफवरून पीपल्स पार्ककडे वळलो. १९६९ च्या मे महिन्यात विद्यापीठाच्या मालकीच्या या जमिनीच्या वादात पोलिसांनी गोळ्या चालवल्या, जेम्स रेक्टर हा तरुण मरण पावला, आणि काही दिवसांनी हेलिकॉप्टरमधून विद्यापीठावर अश्रुधूर सोडला गेला. रेक्टरही इथला विद्यार्थी नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये तिथे वसतिगृह बांधण्यासाठी एकावर एक मालवाहू कंटेनर रचून चारी बाजूंनी भिंत उभारली गेली. रस्त्यावर उभे राहून मी आत काय दिसते ते पाहण्याचा प्रयत्न केला. पत्र्याखेरीज काही दिसले नाही, आणि पाय दुखू लागले होते.

रात्री जेवताना मुलीने काय काय पाहिले ते विचारले. बूट काढून गाडीवर चढलेल्या मुलांची गोष्ट मी रंगवून सांगितली आणि नातवाला ती फार आवडली. आमच्या कार्यालयातल्या त्या मुलाविषयी बोललो नाही. जावईबापूंनी मनोऱ्याविषयी विचारले, तेव्हा लक्षात आले की तो पाहायचा राहूनच गेला.