सौरशिडाचा माग : स्थिर दुर्बिणीने घेतलेल्या वेळनोंदी

नासाच्या 'एसीएस३' या सौरशिडाच्या यानाचा माग काढताना मी आता दुर्बीण यानामागे फिरवत नाही. ती त्याच्या वाटेवर आधीच रोखून ठेवतो. सुमारे १००० किलोमीटर उंचीवरचे हे यान डोक्यावरून जाताना सेकंदाला जवळपास ०.४ अंश सरकते आणि हा वेग माझ्या माउंटला (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीला) झेपत नाही. स्थिर दुर्बिणीच्या दृश्यक्षेत्रातून ते काही क्षणांतच पार होते; मात्र त्याच फ्रेममध्ये तारेही असतात आणि प्रत्येक फ्रेमवर जीपीएसची वेळ उमटलेली असते, त्यामुळे यान कोणत्या क्षणी नेमके कुठे होते हे ताऱ्यांच्या आधारे मोजता येते.

मोजलेली वेळ आणि टीएलईवरून (यानाच्या कक्षेचे आकडे देणाऱ्या दोन ओळींच्या नोंदीवरून) काढलेली वेळ यांतील फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. ८० चौरस मीटरच्या शिडावर सूर्यप्रकाशाच्या दाबामुळे पडणारे बल, शीड अगदी सूर्यासमोर असले तरी, पाऊण मिलिन्यूटनच्या आतच राहते. पण हलक्या यानावर ते सतत पडत राहिले की कक्षा हळूहळू बदलते आणि यान अपेक्षित वेळेच्या आधी किंवा नंतर येऊ लागते. एकदा काही दिवसांपूर्वीची टीएलई वापरल्यामुळे माझा संपूर्ण पास (यानाची आकाशातून एक फेरी) हुकला, तेव्हापासून त्याच संध्याकाळची ताजी टीएलई उतरवल्याशिवाय मी दुर्बीण रोखत नाही.

शिडाचा आकार दिसावा हा हट्ट मात्र मी सोडला आहे. बाजू सुमारे नऊ मीटरची असल्याने ते डोक्यावर असतानाही दोन विकलांपेक्षा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) लहान दिसते, आणि वातावरणाच्या थरथरीत तेवढा तपशील टिकत नाही.

प्रकाशवक्रातून, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या तेजाच्या आलेखातून, अधिक हाती लागते. २९ ऑगस्ट २०२४ रोजी शीड उलगडल्यानंतर यान गडगडत फिरत असल्याचे नासाने कळवले होते, आणि सपाट, चकचकीत पृष्ठभाग क्षणभर आपल्याकडे वळला की तीव्र चमक दिसते. दोन चमकांमधील अंतर म्हणजेच यानाचा स्वतःभोवतीचा परिवलनकाळ असे मानण्याचा मोह होतो, पण पास चालू असताना सूर्य, यान आणि निरीक्षक यांच्यातील कोन सतत बदलतो, त्यामुळे हे अंतरही बदलत जाते. म्हणून एकाच पासवरून काढलेला आकडा मी नोंदवहीत धरत नाही. एकाच पासची नोंद दूरच्या दोन ठिकाणांहून झाली, तर चमकांच्या वेळांतील फरकावरून शिडाची दिशा ठरवण्यास मदत होईल; जीपीएस वेळेसह व्हिडिओ घेणाऱ्या निरीक्षकांनी पुढच्या पाससाठी जरूर कळवावे.