म्हापशाचा शुक्रवार: गांवठी माल कसा ओळखायचा

म्हापशाची बाजारपेठ एरवीही चालू असते, पण खरा बाजार शुक्रवारचा. पणजीच्या बसस्टँडवरून म्हापशाच्या गाड्या सतत सुटतात. अंतर जेमतेम 13 किलोमीटर, आणि उतरल्यावर बाजार चालत जाण्याइतका जवळ. आठच्या सुमाराला पोचावं. दुपारपर्यंत पालेभाजी उन्हाने मान टाकते आणि चांगले वांटे, म्हणजे विकायला मांडलेले छोटे ढीग, उचलले गेलेले असतात.

गोव्यात विकली जाणारी बरीचशी भाजी बेळगावहून येते. तीही चांगलीच असते, पण तेवढ्यासाठी म्हापसा गाठायची गरज नाही. गांवठी माल बहुतेक वेळा कडेला, जमिनीवर गोणपाट पसरून बसलेल्या बायकांकडे मिळतो. तिथे तराजूपेक्षा वांट्याचा हिशेब जास्त चालतो. म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी वांट्याचा आकार पाहावा, मगच भाव विचारावा. तांबड्या भाजीची, म्हणजे लाल माठाची, गांवठी जुडी लहान असते, पानं एकसारखी नसतात, मुळांना माती असते. पावसाळ्यात, चतुर्थीच्या सुमाराला, सात शिरांचे लांबलचक भेंडे येतात. बोटभर भेंडीची सवय असलेल्यांना ते जून वाटतात. टोक मोडून पाहा. कटकन मोडलं तर बिनधास्त घ्या.

मे महिन्यातला बाजार मला सगळ्यात आवडतो, कारण तेव्हा पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी चालते. सोलं, म्हणजे आमसुलं, मऊ, काळपट जांभळी आणि किंचित चिकट हवीत. तपकिरी, कडक सोलं जुनी असतात. त्यांना आंबटपणा उरतो, पण कढीला रंग येत नाही. तिरफळं उमललेली घ्यावीत आणि आतली काळी बी काढून टाकावी, नाहीतर बांगड्याचं हुमण (माशाची आमटी) कडवट होतं. सुक्या मिरचीचा देठ हिरवट-पिवळा आणि बिया खुळखुळणाऱ्या असाव्यात. काळे डाग दिसले तर तिला ओल लागली आहे, ती डब्यात बुरशी धरणार.

माडाचा गूळ काळसर असतो. तुकडा जिभेवर ठेवावा: धुरकट, किंचित खारट गोडी लागली पाहिजे. नुसता गोडच लागला आणि दाताखाली साखरेचे खडे आले तर पुढे चालावं. दमट हवेत हा गूळ पाझरतो, म्हणून घरी आल्या आल्या काचेच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवावा.

मानकुराद आंबा दाबून पाहू नये, विकणारी रागावते आणि ते योग्यच आहे. देठाजवळ वास घ्यावा. सालीवरच्या काळ्या ठिपक्यांना घाबरायचं कारण नाही. सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक आणि वासच नाही, असा ढीग मात्र टाळावा. एप्रिलच्या सुरुवातीला डझनाचा भाव ऐकून धडकी भरते, मेमध्ये तो उतरतो.

सुकी सुंगटं (कोळंबी) नि खारे बांगडे सगळ्यात शेवटी घ्यावेत, वास इतर सामानाला लागतो. सुंगट हाताने तोडल्यावर तुटलं पाहिजे. वाकलं तर आत ओल आहे. घरी नेऊन दोन उन्हं दाखवावीत, वर्तमानपत्रात गुंडाळावीत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत.