सगळ्या बस रस्त्यावर, थांब्यावर एकही नाही

तक्रार नेहमीचीच होती: संध्याकाळी अर्धा-अर्धा तास बस येत नाही आणि आली की एकामागोमाग तीन येतात. आगाराचं उत्तरही ठरलेलं: मार्गावरच्या बाराही बस बाहेर आहेत, एकही फेरी रद्द नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. ते कळायला मला मार्गाच्या मधल्या एका थांब्यावर कागद-पेन घेऊन उभं राहावं लागलं. नियंत्रकाची केबिन शेवटच्या थांब्यावर, म्हणून नोंदीही तिथल्याच. बसमधली अंतरं बिघडतात ती मधल्या वाटेत.

मार्ग 16 किलोमीटरचा. कागदावर एका बाजूला 54 मिनिटं आणि टोकाला 6 मिनिटं विश्रांती, म्हणजे जाऊन-येऊन 120 मिनिटं. बस 12, दर 10 मिनिटांनी एक. सहा वाजता एक बस गेली, पुढच्या तासाभरात सहा आल्या. मधली अंतरं अशी: 2, 1, 24, 3, 2 आणि 28 मिनिटं. बेरीज 60, सरासरी बरोबर 10. आगाराचा हिशेब चोख. पण त्या तासातली 52 मिनिटं दोन मोठ्या फटींत गेली होती, त्यामुळे थांब्यावर येणारा माणूस बहुतेक वेळा फटीतच सापडतो. प्रत्येक अंतराचा वर्ग करून बेरीज घ्या आणि एकूण वेळेच्या दुपटीने भागा. 1378 भागिले 120, सरासरी वाट साडेअकरा मिनिटं. बस सारख्या अंतराने आल्या असत्या तर पाच.

अशा जोड्या का लागतात हे न्यूवेल आणि पॉट्स या संशोधकांनी 1964 मध्येच गणिताने दाखवलं होतं. थांब्यावर मिनिटाला एक माणूस येतो आणि चढायला 3 सेकंद लागतात असं धरा. वेळेवर आलेल्या बसला 10 माणसं, 30 सेकंद. दोन मिनिटं उशिरा आलेलीला 12 माणसं, 36 सेकंद. तिच्या मागचीला आठच माणसं, 24 सेकंद. एका थांब्यावर दोघींमधलं अंतर 12 सेकंदांनी घटलं. असे दहा थांबे झाले की दोन मिनिटांहून जास्त. प्रत्यक्षात हे आणखी लवकर होतं, कारण दारात माणसं लोंबकळायला लागली की चढायला 3 सेकंद पुरत नाहीत. मागची बस मात्र रिकामी धावते. चालक मुद्दाम जोडीने चालवतात हा समज मात्र चुकीचा आहे.

त्याच संध्याकाळी टोकाला दोन बस एकदम पोचल्या. नियंत्रक म्हणाले, "साहेब, दोघींनाही उशीर झालाय, सोडून देतो." वेळापत्रक पाहिलं तर बरोबरच होतं. पण तशाच सोडल्या असत्या तर जोडी परतीलाही कायम राहिली असती. पहिली सोडली, दुसरी रोखली. किती वेळ? पुढच्या बसपासूनचं आणि मागच्या बसपासूनचं अंतर सारखं होईपर्यंत. जीपीएसच्या पडद्यावर तेवढं दिसतं.

पुढच्या आठवड्यात हाच प्रयोग मधल्या थांब्यावर केला आणि तो फसला. भरलेली बस चार मिनिटं उभी राहिली की प्रवासी पत्रा बडवतात, आणि त्यांचं काही चूक नाही. म्हणून बस रोखायची ती बरीचशी रिकामी होते तिथेच, तेही दोन मिनिटांपर्यंत. फार मोठी फट पडली तर जोडीतल्या मागच्या बसचे प्रवासी पुढचीत बसवून मागचीला मधूनच वळवायचं. तिकिटं चालतील हे पुढच्या वाहकाला सांगायचं आणि अर्धी फेरी वेबिलावर, म्हणजे वाहकाच्या फेरी-तिकिटांच्या नोंदपत्रावर, लिहायची. हे लिहिलं नाही तर हिशेबात वाहक अडकतो.

मूळ दोष मात्र 54 मिनिटांत होता. तोच आकडा पहाटे साडेपाचलाही आणि संध्याकाळी साडेसहालाही! महिनाभराच्या नोंदी काढल्या: शंभरातल्या 85 फेऱ्या ज्या वेळेत संपतात ती वेळ पहाटे 44 मिनिटं, संध्याकाळी 63. संध्याकाळसाठी 63 अधिक 9 विश्रांती, दुप्पट 144. बारा बस, म्हणजे 12 मिनिटांनी एक. चालकांच्या पाळी-बदलाच्या वेळाही नव्याने बसवाव्या लागल्या, नाहीतर बदली चालक आगारात ताटकळतो.

नव्या वेळापत्रकावर त्याच थांब्यावर पुन्हा तासभर मोजलं. पाच बस, अंतरं 9, 14, 11, 16, 10. सरासरी वाट 6.3 मिनिटं. एक बस कमी आली आणि वाट जवळपास निम्म्यावर आली. त्यानंतर पहिला अर्ज आला तो दहाऐवजी बारा मिनिटांनी बस सोडून फेऱ्या का कमी केल्या, असं विचारणारा. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी 63 मिनिटंही पुरत नाहीत. त्या दिवसाचं वेगळं वेळापत्रक अजून माझ्या टेबलावर आहे.