मॉडेलचा आलेख बैठकीत नेण्याआधी

देशाची वीज आणि ऊर्जा पुढे कुठून आणायची हे ठरवायला जी संगणकीय मॉडेल वापरतात, त्यातलं टाइम्स घ्या, ओसेमोसिस घ्या नाहीतर पायप्सा, गाभ्यातलं गणित एकच: मागणी भागवायची, मर्यादा पाळायच्या आणि एकूण खर्च कमीत कमी ठेवायचा. हे गणित सोडवणारा प्रोग्रॅम, म्हणजे सॉल्व्हर, क्वचितच चुकतो. धोरण भरकटतं ते आकडे भरताना, आणि सगळ्यात जास्त वर्षाचे तुकडे पाडताना.

वर्षात ८७६० तास. दीर्घ पल्ल्याच्या मॉडेलमध्ये सगळे घेतले तर गणित झेपत नाही, म्हणून चार हंगाम आणि दिवस-रात्र असे ८ तुकडे पाडतात. इथेच गोम आहे. समजा रात्रीच्या १२ तासांची सरासरी मागणी १० गिगावॅट आहे, पण संध्याकाळी आठला ती १४ वर जाते. मॉडेलला १४ दिसतच नाहीत. ते १० पुरती सोय करतं. दिवसाच्या तुकड्यात सौरऊर्जा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखी मिळते असं धरलं जातं, त्यामुळे बॅटरीची गरजही कमी दिसते. निदान संध्याकाळचा तुकडा वेगळा काढा. दिवसाचे ६ भाग केले तर चार हंगामांचे २४ होतात, तेवढं बहुतेक संगणक सहज पेलतात. तरीही वारा पडलेला, ढगाळ आठवडा सरासरीत विरघळून जातो. तो मुद्दाम वेगळा घालावा लागतो. वर्षाची मागणी तुकड्यांत वाटताना प्रत्येकाला दिलेल्या हिश्श्यांची बेरीज बरोबर १ येते का, हेही बघा. ०.९८ आली तर २ टक्के मागणी गुपचूप गायब होऊ शकते आणि इशारा मिळेलच असं नाही.

एककांचा घोळ त्याच जातीचा. १ गिगावॅट क्षमता वर्षभर पूर्ण चालली तर ८.७६ टेरावॅट-तास, म्हणजे ३१.५३६ पेटाज्यूल ऊर्जा मिळते. ऊर्जा पेटाज्यूलमध्ये मोजत असताना क्षमतेवरून ऊर्जा काढायचा गुणक चुकून १ राहिला, तर मॉडेल जवळपास साडेएकतीस पट क्षमता उभारायला निघतं. ही चूक निदान डोळ्यांत भरते तरी.

डिस्काउंट रेटची, म्हणजे पुढच्या वर्षांतले पैसे आजच्या किमतीत आणताना धरायच्या वार्षिक दराची चूक तशी दिसत नाही. २५ वर्षं आयुष्य असलेल्या प्रकल्पात १०० एकक भांडवल घातलं, तर ५ टक्के दराने वार्षिक बोजा सुमारे ७.१ येतो आणि १० टक्क्यांनी ११. सौर आणि पवनचा बहुतेक सगळा खर्च सुरुवातीलाच होतो, त्यामुळे त्यांची वीज थेट दीडपट महाग दिसू लागते. गॅसच्या विजेत इंधनाचा वाटा मोठा, म्हणून तिला तेवढी झळ बसत नाही. म्हणजे एका कोपऱ्यातल्या आकड्याने निकाल फिरू शकतो. समाजाच्या दृष्टीने धरायचा दर आणि गुंतवणूकदाराला लागणारा परतावा हे दोन वेगळे ठेवा, आणि कुठला कुठे वापरला ते आलेखाखालीच लिहा.

काही लहान पण त्रासदायक गोष्टी. क्षितिजाच्या, म्हणजे मॉडेल जिथवर चालवलं त्या काळाच्या, शेवटच्या वर्षांत मॉडेल महागडी गुंतवणूक टाळू लागतं, कारण पुढचा फायदा त्याला दिसत नाही. उद्दिष्ट २०५० चं असेल तर २०६० पर्यंत चालवा आणि २०५० पर्यंतचंच दाखवा. प्रकल्पांच्या उरलेल्या आयुष्याचं मूल्य धरलं असलं तरी. गणित सुटतच नसेल तर मर्यादा एकेक काढत बसण्यापेक्षा अव्वाच्या सव्वा महाग असा एक काल्पनिक पुरवठा जोडा. तो कुठल्या वर्षी, कुठल्या तुकड्यात वापरला जातो ते पाहिलं की अडलेली जागा बहुतेक वेळा सापडते.

एवढं झाल्यावरही एकच निकाल घेऊन जाऊ नका. अशा मॉडेलमध्ये खर्चात १ टक्क्याचा फरक पडला तरी वीजकेंद्रांचा अख्खा ताफा या तंत्रज्ञानावरून त्या तंत्रज्ञानावर उडी मारू शकतो. एकूण खर्च न्यूनतमपेक्षा ५ टक्क्यांपर्यंत वाढू द्या आणि त्या मर्यादेत प्रत्येक तंत्रज्ञान जास्तीत जास्त किती आणि कमीत कमी किती बसतं ते काढा. पवन कुठेही ३० गिगावॅटच्या खाली जात नसेल, तर त्याच्या पारेषण वाहिन्यांचा निर्णय आज घेता येतो. हायड्रोजन शून्यापासून ४० गिगावॅटपर्यंत कुठेही बसत असेल, तर त्यावर आत्ताच मोठं अनुदान लावण्याचं समर्थन या मॉडेलमधून निघत नाही, बैठकीत कितीही आग्रह झाला तरी.