शेवटी हसरा चेहरा होता का

रात्रीचा एक वाजून गेलाय. आभाळ गच्च, म्हणजे जागं राहायला तेवढंही निमित्त नाही.

काल काकांचा एक मेसेज मी आमच्या आकाशनिरीक्षणाच्या ग्रुपवरून उडवला; ग्रुप सांभाळायचं काम माझ्याकडे. पाच मिनिटांत खाली ती बारीक करडी ओळ आली, काकांनी ग्रुप सोडल्याची. ना भांडण, ना एक शब्द. सदस्यांचा आकडा एकाने घटला आणि त्याच्याखाली कुणीतरी चंद्राचा फोटो टाकला, त्याला अकरा अंगठे.

मेसेज असा की, एका नव्या मुलाने शनीचा फोटो टाकला होता. दुर्बिणीच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, मोबाइल टेकवून काढलेला, हात हललेला, पांढरा फटक लांबट ठिपका. खाली प्रश्न: 'कडी दिसत नाहीत, माझी दुर्बीण खराब आहे का?' त्या आठवड्यातला हा सातवा तरी असेल. त्यावर काकांनी लिहिलं, 'आधी वाचा, मग विचारा. ही बालवाडी नाही.'

आणि पुढे काहीतरी होतं. काय होतं ते काही केल्या आठवत नाही. हसरा चेहरा होता का? काका कधी असलं काही टाकत नाहीत, पण एखाद वेळी टाकतात, दोन ठिपके आणि कंस, जुन्या पद्धतीचा. तो होता की नव्हता? होता तर मी फारच आततायीपणा केला. नव्हता तर नियमाप्रमाणे केलं. आता बघायची सोय नाही, कारण पुरावा मीच पुसला. गंमत बघा, 'बालवाडी' हा शब्दही मला काल रात्री इतका स्पष्ट आठवत नव्हता जितका आज आठवतोय. काल वाटत होतं 'शाळा' म्हणाले. उद्यापर्यंत बहुतेक 'मूर्खांनो' सुद्धा आठवेल.

ज्यांचं तेज कमी-जास्त होत राहतं अशा ताऱ्यांची तेजस्विता डोळ्यांनी ठरवायला काकांनीच शिकवलं. शेजारचे दोन ठरावीक तारे घ्यायचे, एक जास्त तेजस्वी, एक कमी, आणि आपला तारा त्या दोघांत कुठे बसतो ते पाहायचं. लाल तारा असला की सांगायचे, टक लावू नकोस, जितका वेळ बघशील तितका तो जास्त तेजस्वी वाटतो; पटकन नजर टाक, आकडा लिही, पुढे हो. माझा तारा त्यांच्याहून नेहमी जास्त तेजस्वी निघायचा.

असो.

मला एक कळत नाही, हे काम माझ्या गळ्यात पडलं कसं. मी फक्त 'हो, बघते' म्हणाले होते. त्यानंतर दर ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार असल्याचं ते पत्रक मीच उडवते. त्याचं मूळ २००३ चं आहे. त्या ऑगस्टच्या २७ तारखेला मंगळ खरोखरच जवळ आला होता, सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर. दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून पाहिला तर नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल, असं मूळ वाक्य होतं. पुढे ढकलणाऱ्यांनी दुर्बीण गाळली. मंगळ तेव्हापासून कितीदा तरी लांब गेला, पत्रक काही जात नाही. शिवाय ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ६७५ पट छापलेलं पाहून हरखलेल्यांना, बाबांनो, भिंगाच्या व्यासाच्या दुपटीच्या पुढे, म्हणजे तुमच्यात १२०च्या पुढे, फक्त धूसरपणा मोठा होतो, हे दर महिन्याला सांगायचं, आणि तेही त्यांनी ती आधीच घेतलेली असताना, म्हणजे न दुखावता. राशिभविष्य विचारणाऱ्यांना नम्रपणे रस्ता दाखवायचा. फोटोवाले आणि नुसत्या डोळ्यांनी बघणारे यांच्यातलं भांडण तर मी आता वाचतही नाही. आणि इतकं करून रात्री एक वाजता दोषी कोण, तर मी. कुणी म्हणालं का कधी, दमली असशील?

(त्या दिवशी ऑफिसात जे झालं ते इथे नको. पण मेसेज उडवताना बोट जरा जोरात पडलं, हे खरं.)

हिणवू नये हा नियम आहेच, आणि तो लागू करायचा तर सगळ्यांना. काकांना सोडून दिलं असतं तर उद्या दुसरा म्हणाला असता, त्यांना चालतं मग आम्हाला का नाही. हे सगळं बरोबर आहे. काल रात्रीपासून मी हे स्वतःला पाच-सहा वेळा समजावलंय. एवढ्यांदा समजवावं लागतंय, तिथेच काहीतरी पाणी मुरतंय. कारण तो प्रश्न सातव्यांदा वाचून मीसुद्धा 'वर वाचलंत का?' असं टाइप केलं होतं. पाठवलं नाही एवढंच. काकांनी माझ्या आधी पाठवलं म्हणून मी सोज्वळ राहिले.

आणि विचारणाऱ्याला तरी काय नावं ठेवायची. गॅलिलिओला १६१० मध्ये शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी दिसलं, दोन सोबती असावेत असं त्याला वाटलं. १६१२ मध्ये बघतो तर ते गायब. चक्रावलेल्या गॅलिलिओने पत्रात लिहिलं, शनीने आपली पोरं गिळली की काय! ते कडं आहे आणि ते कधीकधी आपल्याला नेमकं धारेवरून दिसतं, हा उलगडा डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने छापला १६५९ मध्ये. सत्तेचाळीस वर्षं. आमचा पोरगा एका रात्रीत उत्तर मागतो हाच काय तो त्याचा गुन्हा. कड्यांचा पावणेतीन लाख किलोमीटरचा पसारा आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर, मग धारेवरून काय दिसणार? २०२५च्या मार्चमध्ये पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून, म्हणजे नेमकी त्यांच्या धारेसमोरून, गेली तेव्हा शनी सूर्याच्या जवळ होता, कुणाला काही दिसलं नाही. कड्यांचा आपल्याकडचा कल पुन्हा कमी झाला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, अर्ध्या अंशाच्याही आत, आणि शनी नेमका संध्याकाळी डोक्यावर. म्हणून सगळ्यांच्या दुर्बिणी एकदम 'खराब' झाल्या.

आज सकाळी त्या मुलाचा मला मेसेज. 'मॅडम, ते काका गेले का? रात्री त्यांनी मला वेगळा मेसेज करून सगळं समजावलं.' सोबत फोटो. पाठकोऱ्या कागदावर बॉलपेनने मध्ये सूर्य, भोवती चार शनी, चौघेही एकाच दिशेला कललेले, दोघांची कडी पसरलेली, दोघांची नुसती रेघ. एका रेघेशी बाण आणि 'आपण इथे'. अक्षर काकांचंच, 'शनी'तला नी नेहमीसारखा लांब शेपटीचा. वेळ बघितली. अकरा चाळीस. मी मेसेज उडवला अकरा पन्नासला.

म्हणजे चारचौघांत दटावून ते लगेच कागद-पेन घेऊन बसले होते. मला तसंच शिकवलं होतं की. दुर्बिणीचे आरसे जुळवताना मी स्क्रू उलटा फिरवला होता तेव्हा काय काय बोलले होते! आणि मग स्वतः टॉर्च धरून तासभर उभे.

त्या मुलाला विचारता आलं असतं, बाबा रे, त्या मेसेजच्या शेवटी काय होतं? त्याने नक्की वाचला असणार. नाही विचारलं. उत्तर मिळालं असतं ना.

दुपारी काकांना फोन लावणार होते. काय बोलणार? माफ करा म्हटलं तर म्हणतील, कशाबद्दल? आणि खरंच, कशाबद्दल? मी पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उडवेन, फक्त आधी चार ओळी त्यांना वेगळ्या लिहीन. हे फोनवर सांगायला जमत नाही. त्यांना ऐकायलाही जमणार नाही.

शेवटी वेगळंच केलं. कड्यांबद्दल सगळ्यांसाठी वर टाचून ठेवायला दहा ओळींचा मजकूर लिहिला, दर १५ वर्षांनी ती धारेवरून दिसतात वगैरे, म्हणजे आठव्याला कुणी ओरडायला नको. त्या मुलाला विचारून ते चित्रही जोडलं. आणि पाठवला काकांना. 'काका, हे एकदा बघाल का? कुठे चुकलं असेल.' बाकी काही नाही. ग्रुपची लिंकही नाही दिली.

साडेचार तास दोन निळ्या खुणा. वाचलंय, उत्तर नाही. मी मधल्या वेळात भांडी घासली, फोन उलटा ठेवला, सुलटा केला, पुन्हा उलटा.

आत्ता, म्हणजे हे लिहिताना, आलं.

'दर १५ वर्षांनी असं नाही. एकदा पावणेचौदा, एकदा पावणेसोळा. सरासरी पावणेपंधरा. दुरुस्त कर. आणि चित्र वाकडं आहे, दुसरं काढून देतो.'

शेवटी काही नव्हतं. दोनदा बघितलं. पूर्णविराम.