तीच गोष्ट, दुसरा देश

"खुनी कोण ते माहितीये ना तुला? मग परत तेच काय बघतेस?" नवऱ्याने काल सहज विचारलं आणि तो प्रश्न डोक्यातून जाईना.

बघत होते 'सिग्नल'चा जपानी रिमेक. मूळ कोरियन मालिका २०१६ची, १६ भागांची. कान्साई टीव्हीने २०१८मध्ये ती १० भागांत बसवली. बॅटरी नसलेला जुना वॉकीटॉकी आणि त्यातून येणारा भूतकाळातल्या पोलिसाचा आवाज, हे तसंच ठेवलंय. नायक झालेला साकागुची केन्तारो मला आवडलाही. पण सगळं घाईघाईत उरकल्यासारखं वाटतं. माणसांच्या दुःखापाशी थांबायला वेळच नाही.

आणि खुनाच्या खटल्याची ती कालमर्यादा, म्हणजे ठरावीक वर्षं उलटली की खुन्यावर खटलाच भरता येत नसे! जपानने ती २०१०मध्येच रद्द केली, कोरियाने २०१५मध्ये. म्हणजे तिकडे मालिका आली तेव्हा जखम ओली होती. मालिकेमागे कोरियातल्या ज्या ह्वासोंगच्या साखळी खुनांची सावली आहे, त्यांचा गुन्हेगार २०१९मध्ये डीएनएवरून सापडला. पण मुदत २००६मध्येच संपलेली, त्यामुळे त्या खुनांचा खटला त्याच्यावर चाललाच नाही. वाचूनच अंगाची आग होते.

कथा उचलून नेता येते हो, पण हा संताप कसा नेणार? दोन्ही पाहिल्यात का कुणी? तुम्हाला कुठली जास्त लागली?