सोळा जणांच्या बोटीतून गॅलापागोस : माझा अनुभव

माहितीपत्रकाच्या वरच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘गॅलापागोस’ असे छापलेले होते आणि त्याखाली अडीच हजार प्रवासी नेणाऱ्या एका भव्य क्रूझ जहाजाचे छायाचित्र होते. या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर एकदा तरी ही बेटे पाहायची, असे मी आणि सौ.ने ठरवले होते. सिंगापूरहून निघणाऱ्या एका मोठ्या क्रूझचा पूर्वानुभव असल्यामुळे याही खेपेस तसेच काहीसे असेल, अशी आमची समजूत होती. आगाऊ रक्कम भरण्याच्या आदल्या दिवशी मी कार्यक्रमपत्रिका शांतपणे वाचली, तेव्हा उलगडा झाला की ते जहाज दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या किनाऱ्यावरील मांता बंदरात एक दिवस थांबणार होते आणि बेटांची सहल हा विमानाने करायचा, वेगळे पैसे मोजून घ्यायचा ‘ऐच्छिक’ भाग होता. बेटे त्या किनाऱ्यापासून सुमारे एक हजार किलोमीटर दूर आहेत. त्या सहल कंपनीशी वाद घालण्यात मी वेळ दवडला नाही, परंतु त्यानंतरचे चार महिने या विषयाचा अभ्यास करण्यात गेले.

गॅलापागोस द्वीपसमूहाचा जवळजवळ ९७ टक्के भूभाग १९५९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि भोवतालचा समुद्र १९९८ पासून संरक्षित आहे. या उद्यानात प्रवाशांना घेऊन फिरणाऱ्या जहाजावर जास्तीत जास्त १०० प्रवासी असू शकतात. किनाऱ्यावर उतरल्यावर उद्यानाचा परवाना असलेला गाईड सोबत असावाच लागतो आणि एका गाईडमागे १६ हून अधिक माणसे चालत नाहीत. कोणत्या बोटीने कोणत्या दिवशी कोठे उतरायचे, हे कप्तान ठरवत नाही, उद्यान ठरवते. शिवाय थोडे अपवाद सोडले तर १४ दिवसांच्या आत त्याच बोटीला त्याच जागी पुन्हा जाता येत नाही. म्हणजे हजारो प्रवाशांच्या क्रूझचा प्रश्न तेथे मुळातच निकालात निघालेला आहे. आमच्यापुढचा खरा प्रश्न १०० जणांचे जहाज की १६ जणांची बोट, एवढाच उरला होता.

हा निर्णय मला वाटला तितका सोपा गेला नाही. छोट्या बोटींच्या जाहिराती वाचल्या की असे वाटते, जणू मोठ्या जहाजावरील माणसे झुंडीने बेटे तुडवत असतात. वस्तुतः किनाऱ्यावर दोघांचेही गट सोळाचेच असतात. फरक पडतो तो उतरण्या-चढण्यात. शंभराच्या जहाजावरून सहा-सात गट पाळीपाळीने निघणार. तुमचा गट शेवटचा असेल तर तुम्ही डेकवर जीवरक्षक जाकीट घालून बसून राहणार, आणि कधी कधी पुढच्या गटाची पाठ बघत चालणार. सोळा जणांच्या बोटीवर मात्र दोन रबरी होड्यांत सगळे एकदम निघतात. याउलट, मोठ्या जहाजाच्या बाजूने दोन भक्कम मुद्दे होते : ते कमी डुलते, आणि आम्ही ज्यांची माहिती मागवली होती त्या सर्वांवर डॉक्टर होता. माझे वय तेव्हा ६२ होते, त्यामुळे दुसरा मुद्दा आमच्या मुलीने फार लावून धरला.

तिसराही एक पर्याय होता : सांताक्रूझ बेटावरील पुएर्तो आयोरा या गावात मुक्काम करून रोज दिवसभराच्या बोटीने जवळपासची बेटे पाहणे. तो बराच स्वस्त पडतो आणि आता बहुतेक पर्यटक तसेच करतात. परंतु पश्चिमेकडील फर्नांडिना बेटापर्यंत दिवसभरात जाऊन परत येणे शक्य नाही, आणि मला तेच बेट पाहायचे होते.

येथे एका फसव्या हिशेबाबद्दल सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आम्ही त्यात फसता फसता वाचलो. ‘आठ दिवसांची सफर’ म्हटले की पहिला दिवस विमानाने दुपारी पोहोचण्यात आणि शेवटचा दिवस सकाळी विमान पकडण्यात जातो, म्हणजे पुरे दिवस सहाच उरतात. त्यातही काही बोटींची आठ दिवसांची सफर म्हणजे प्रत्यक्षात दोन छोट्या सफरींचा जोड असतो. मध्ये एक दिवस बोट विमानतळाजवळ परतते, निम्मे प्रवासी उतरतात, नवे चढतात, नव्यांसाठी सुरक्षेची सगळी माहिती पुन्हा एकदा दिली जाते आणि तुमचा अर्धा दिवस बंदरात उभे राहण्यात जातो. मी प्रत्येक बोटीकडे एकच प्रश्न पाठवला : ‘मध्ये प्रवासी बदलतात का, आणि बदलत असल्यास कोणत्या वारी?’ ज्यांनी या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले नाही त्यांची नावे मी यादीतून खोडली. शेवटी सोळा जणांचे, दोन सांगाड्यांचे कॅटामरान निवडले, कारण तशी बोट कमी डुलते असे सर्वांनीच सांगितले होते. खोली खालच्या मजल्यावरची, मधली घेतली. खिडकी लहान, पण हेलकावे तेथे सर्वांत कमी. पूर्वेकडचा मार्ग घेतला असता तर एस्पान्योला बेटावरचे अल्बाट्रॉस, म्हणजे लांब पंखांचे मोठे समुद्रपक्षी, दिसले असते. एका आठवड्यात दोन्ही टोके साधत नाहीत, तेव्हा अल्बाट्रॉसवर पाणी सोडले.

मग कागदपत्रे. भारतीयांना इक्वेडोरसाठी २०१९ पासून व्हिसा लागतो. दिल्लीच्या दूतावासाकडे अर्ज करून तो वेळेत मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. अडलो ते पिवळ्या तापाच्या लसीपाशी. इक्वेडोर हा पिवळ्या तापाचा देश गणला जात असल्यामुळे तेथून परतणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर त्याला ६ दिवसांपर्यंत विलग ठेवता येते, आणि लस घेतल्यानंतर १० दिवस उलटल्याशिवाय प्रमाणपत्र ग्राह्य धरले जात नाही. लस केवळ सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तीही ठरलेल्या वारी. साठीच्या पुढच्यांना ही लस देताना डॉक्टर जपून निर्णय घेतात. मला आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचे पत्र आणावे लागले, आणि त्या धावपळीत एक आठवडा गेला. ज्यांचे वय साठीपुढे आहे त्यांनी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी ही गोष्ट मार्गी लावावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही ॲमस्टरडॅममार्गे इक्वेडोरची राजधानी कितोला पोहोचलो. कितो २८५० मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी हॉटेलचा जिना चढताना धाप लागली, म्हणून तेथे दोन रात्री काढल्या. बेटांच्या विमानात बसण्यापूर्वी विमानतळावर २० डॉलर भरून प्रवासी नियंत्रण कार्ड घ्यावे लागते आणि सामान जैवसुरक्षा तपासणीतून जाते. ताजी फळे, माती, बिया यांना सक्त मनाई. सौ.ला मधुमेह आहे आणि ती रोज रात्री मेथीचे दाणे भिजत घालून सकाळी खाते. त्या दाण्यांची स्टीलची डबी आमच्या पिशवीत होती. तपासनीस बाईंनी डबी उघडली, दोन दाणे तळहातावर घेऊन पाहिले आणि काही न बोलता आमच्याकडे पाहिले. सौ.ने स्वतःच डबी कचऱ्याच्या पेटीत रिकामी केली. मला ती कडक शिस्त आधी थोडी अतिरेकी वाटली होती. पुढे सांताक्रूझच्या उंच भागात गाईडने जंगल गिळणारी दोन झाडे दाखवली : एक पेरू, आणि दुसरी म्हैसूर रासबेरी या नावानेही ओळखली जाणारी, मूळची आपल्याकडची काटेरी रासबेरी. त्या दोघींना उपटता उपटता उद्यानाचे लोक थकले आहेत. सौ. माझ्याकडे बघून म्हणाली, “बघा, मेथी उगवली असती तर आपलंच नाव झालं असतं.”

बेटांवरील बाल्ट्रा विमानतळावर उद्यानाचे प्रवेशशुल्क घेतात. परदेशी प्रौढासाठी ते १ ऑगस्ट २०२४ पासून १०० वरून २०० डॉलर झाले आहे. आम्हाला आलेल्या अंदाजपत्रकात अजून जुनाच आकडा होता. इक्वेडोरचे चलनच अमेरिकी डॉलर असल्यामुळे निदान पैसे बदलण्याची कटकट नव्हती, आणि जादा रोख रक्कम जवळ ठेवल्याचा मला आनंद झाला.

बोटीवरची पहिली रात्र वाईट गेली. जून ते नोव्हेंबर हा तेथील थंड हंगाम, आणि सप्टेंबरात समुद्र खवळलेला असतो. इसाबेला बेटाच्या उत्तर टोकाला वळसा घालून बोट पश्चिमेला जात असताना विषुववृत्त ओलांडल्याची घोषणा झाली, त्या वेळी मी खोलीत आडवा होतो आणि पोटात काही ठरत नव्हते. ‘कॅटामरान डुलत नाही’ हे वाक्य ज्यांनी लिहिले त्यांची मला रात्रभर आठवण येत राहिली. डॉक्टर नव्हता, पण खानसामा होता. त्याने सकाळी भात आणि मेनेस्त्रा, म्हणजे मसुराची दाटसर उसळ, समोर ठेवली. फोडणी न दिलेल्या आमटीसारखी ती लागते. त्या दिवसापासून आमच्या शाकाहाराची चिंता मिटली.

त्याच सकाळी फर्नांडिनावरील पुंता एस्पिनोसा येथे उतरलो. लाव्ह्याच्या काळ्या खडकावर पाय ठेवण्याआधी कोठे पाय ठेवावा हे पाहावे लागते, कारण खडक म्हणून जे दिसते ते शेकडो सागरी इग्वानांचे, म्हणजे समुद्रात पोहणाऱ्या मोठ्या सरड्यांचे, एकावर एक पडलेले ढीग असतात. नाकातून ते मधूनमधून खारे पाणी शिंकरतात. ते त्यांच्याच डोक्यावर पडून वाळते आणि प्रत्येकाने चुना फासल्यासारखा पांढरा टोप तयार होतो. प्राण्यांपासून दोन मीटर अंतर राखायचे असा नियम आहे, परंतु समुद्रसिंहाचे पिल्लूच दुडदुडत जवळ आले तर मागे सरायचे काम आपले. वाट काळ्या-पांढऱ्या खुंटांनी आखलेली; तिच्याबाहेर एक पाऊलही नाही.

खडकाच्या कडेला पाणकावळा बसला होता. पुण्याच्या पाषाण तलावावर पंख पसरून ऊन खाणारे पाणकावळे आम्ही कितीतरी वेळा पाहिले आहेत. यानेही तसेच पंख पसरले, पण पंख कसले, ते जुन्या झाडूचे झिजलेले बुडखे होते. या बेटांवरचा पाणकावळा उडणे विसरला आहे आणि तो फर्नांडिना व इसाबेला यांखेरीज जगात कोठेही नाही. नर पाण्यातून चोचीत शेवाळ धरून वर आला, ठेचकाळत घरट्यापाशी गेला आणि घरट्यावरच्या मादीपुढे ते ठेवले. तिने ते उचलून आपल्या शेजारी खोचले. आम्ही सोळा जण गाईडसह वीस मिनिटे तेथे उभे होतो आणि मागे कोणताही गट खोळंबलेला नव्हता. छोट्या बोटीसाठी मोजलेले जादा पैसे त्या वीस मिनिटांत वसूल झाले असे मी मानतो. बाकीच्या दिवसांबाबत एवढ्या खात्रीने सांगता येणार नाही.

परत येताच होडीत चढण्यापूर्वी बूट धुतले, बोटीवर आल्यावर पुन्हा धुतले. फर्नांडिनावर उंदीर-मांजरे अजून पोहोचलेली नाहीत, आणि एका बेटाची वाळू किंवा बी दुसऱ्यावर जाऊ नये याची खबरदारी प्रत्येक वेळी घेतली जाते.

सिंगापूरच्या क्रूझवर समुद्र खिडकीतून दिसे आणि दिवसाचा कार्यक्रम जेवणाच्या वेळांभोवती आखलेला असे. येथे पहाटे सहाला घंटा, सकाळी एक उतरणे, मग १८ अंशांच्या आसपासच्या पाण्यात रबरी पोशाख घालून पोहणे, दुपारी पुन्हा उतरणे, आणि रात्री नऊला बोटभर शांतता. करमणुकीची साधने शून्य. सोबतचे एक वयस्क जोडपे तिसऱ्या दिवशी कंटाळले आणि ते त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्यांच्या जागी मी १०० जणांचे जहाज सुचवले असते, आणि गुडघे दुखणाऱ्यांनाही तेच सुचवेन, कारण गुडघाभर पाण्यात उतरून होडीतून वाळूवर जाणे रोज दोनदा करावे लागते.

मुंबईत उतरल्यावर आरोग्य अधिकाऱ्याने लसीच्या प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका उघडून तारीख पाहिली, शिक्का मारला आणि आम्हाला जाऊ दिले. घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बॅगा दारातच होत्या, सौ. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि वाटीत मेथीचे दाणे भिजत घातले.